करार आणि कर्मकांड

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील रस्ते झाडले जातात, दुभाजकांना रंग चढतो, रविभवन व नागभवनातील दालनांची कुलपे निघतात आणि आमदार निवासाच्या आवारात चहाच्या टपऱ्या पुन्हा उभ्या राहतात. मंत्रालयातील कारकुनांसह फायलींचे गठ्ठे मुंबईहून येतात. 'रामगिरी' आणि 'देवगिरी'वर दिवे लागतात. वृत्तपत्रांचे रकाने हुरड्याच्या मेजवान्यांनी, सावजी रश्श्याच्या वर्णनांनी आणि गुलाबी थंडीने भरून जातात. मग एका सायंकाळी अधिवेशन संस्थगित झाल्याची वार्ता येते, परतीच्या विमानांत आणि गाड्यांत जागा उरत नाही, आणि उपराजधानी आणखी एका वर्षासाठी नुसते शहर होऊन बसते.

या सोहळ्याची नागपूरकरांना इतकी सवय झाली आहे की, हा सोहळा मुळात कशासाठी आहे, हा प्रश्न विचारण्याचे भानही सुटत चालले आहे. विधिमंडळाचे नागपूर अधिवेशन हे मुंबईने विदर्भाला दिलेले वार्षिक दर्शन नव्हे, तर ते एका कराराचे कलम आहे. करारातील कलमाचे कर्मकांड झाले म्हणजे त्याचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर नागपूरसारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

करार कशाचा होता?

१८६१ पासून मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले हे शहर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपण संपले. भाषिक ऐक्यासाठी एखाद्या शहराने आपली सत्ता, आपले सचिवालय आणि आपले विधिमंडळ सोडून द्यावे, ही साधी घटना नव्हती. १९५५ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने तर विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य करावे, अशीच शिफारस केली होती. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारख्या नेत्यांचा त्या राज्यासाठी आग्रह होता. तरीही विदर्भ महाराष्ट्रात आला. तो विश्वासाने आला, आणि त्या विश्वासाला लेखी आधार होता.

हा आधार म्हणजे २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. त्यापूर्वी १९४७ साली अकोला करार झाला होता. नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांच्या सह्या आहेत. अकरा कलमांच्या या करारात विकासनिधीचे वाटप, शासकीय सेवेतील भरती आणि उच्च शिक्षणातील प्रवेश यांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, असे म्हटले आहे. उच्च न्यायालयाचे पीठ नागपुरात राहील, असेही म्हटले आहे. आणि शासन दरवर्षी निश्चित कालावधीसाठी नागपुरास स्थलांतरित होईल व विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे भरेल, असेही आश्वासन आहे.

या कलमातील शब्दयोजना लक्षात घेण्याजोगी आहे. करार केवळ अधिवेशन भरविण्याचे सांगत नाही. अधिवेशनाआधी तो शासनाच्या स्थलांतराविषयी बोलतो. मंत्री, सचिव, फायली आणि निर्णय यांसह राज्यकारभार काही काळ विदर्भात नांदावा, चांदा-भंडाऱ्याच्या माणसाला मुंबई गाठण्यावाचून शासन भेटावे, हा त्यातील आशय होता. निधीच्या वाट्याची कलमे हा कराराचा देह मानला, तर ती कलमे पाळली गेली की नाही याचा जाब जागेवर विचारता यावा म्हणून अधिवेशन. एक कलम दुसऱ्याचे राखणदार होते. आज राखणदार दरवर्षी नियमाने हजेरी लावतो. ज्या ठेव्याची राखण करावयाची त्याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

सहा दिवसांचे सरकार

नागपूरचे पहिले अधिवेशन १९६० सालच्या हिवाळ्यात भरले. त्यानंतर चीन युद्धाच्या वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, ते येथे भरले नाही. करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ मध्येही ते मुंबईतच उरकण्यात आले. संकटकाळाची ही कारणे कोणीही मान्य करील. परंतु संकट नसताना जे घडते त्याचे समर्थन कसे करावयाचे? २०२४ सालचे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे अवघे सहा दिवस चालले. त्याच्या आदल्या दिवशी नागपुरातच मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, आणि नव्या मंत्र्यांना खाती मिळाली ती अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, २१ डिसेंबरला. म्हणजे ज्या दिवसांत पाटबंधाऱ्यांविषयी कोणी विचारले असते, त्या दिवसांत पाटबंधाऱ्यांचा मंत्री कोण हेच ठरलेले नव्हते. शपथ घेतलेल्या मंत्र्यांनी खात्यावाचून सभागृहात बसावे आणि त्यास अधिवेशन म्हणावे, हा प्रकार नियमांत बसत असेलही. कराराच्या आशयात तो कोठे बसतो, हे सांगणे अवघड आहे.

विधिमंडळाचे काम म्हणजे केवळ भाषणे नव्हेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही सामान्य सदस्याची हत्यारे आहेत. ती चालविण्यास वेळ लागतो. मंत्र्याने दिलेल्या उत्तरावर उपप्रश्न, उपप्रश्नाच्या उत्तरावर पुन्हा माहितीची मागणी, अशा पायऱ्यांनीच प्रशासनाच्या पोटातील गोष्ट बाहेर येते. आठवडाभराच्या अधिवेशनात शोकप्रस्ताव, पुरवणी मागण्या आणि विधेयके यांतच बहुतेक दिवस खर्ची पडतात. हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या काही तासांत संमत होतात. एखाद्या गृहस्थाने वाण्याची यादी जेवढ्या बारकाईने तपासावी, तेवढीही तपासणी राज्याच्या खर्चाला लाभत नसेल तर अधिवेशन भरले काय आणि न भरले काय!

वेळेच्या या टंचाईचे दुसरे कारण आपल्या सार्वजनिक जीवनाला लागलेल्या नव्या सवयीत आहे. सभागृहातील अभ्यासू भाषणापेक्षा विधानभवनाच्या पायऱ्यांवरील घोषणा आज अधिक मोलाची झाली आहे. पायऱ्यांवर कॅमेरे असतात. समितीच्या बैठकीत ते नसतात. गळ्यात कापसाच्या बोंडांची माळ घालून आलेला सदस्य पडद्यावर दिवसभर झळकतो, आणि कापूस खरेदीच्या आकड्यांवरून मंत्र्याला अडचणीत आणणाऱ्या सदस्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या पत्रांतही शोधावे लागते. चौकाचौकांतील फलकांवर नेत्यांच्या चेहऱ्यांची जत्रा भरते. राजकारणाला रंग असावा, हे मान्य. लोकशाही ही काही शोकसभा नव्हे. परंतु दृश्यालाच कार्य समजण्याची सवय लागली की कार्याची गरज संपते. या सवयीचा दोष एकट्या राजकारण्यांवर ढकलता येत नाही. ते दृश्य पाहणारे आणि पुढे धाडणारे सुशिक्षितच असतात.

मोर्चा आणि निवेदन

अधिवेशनाचे खरे रूप सभागृहाबाहेर, रस्त्यावर दिसते. गडचिरोलीच्या टोकाहून रात्रीचा प्रवास करून आलेल्या अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक, कोतवाल, आशा कार्यकर्त्या यांचे मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि पोलिसांच्या कठड्यांपाशी थांबतात. पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, निवेदन देते, आश्वासन घेऊन बाहेर येते. पुढल्या वर्षी तीच माणसे, तेच निवेदन, फक्त तारीख बदललेली. एखादी मागणी मान्य करणे शासनाला शक्य नसेल, तर तसे सकारण सांगणे हाही उत्तराचाच प्रकार आहे. परंतु ना होकार, ना नकार, अशा अधांतरी अवस्थेत माणसांना वर्षानुवर्षे ठेवणे हे उत्तर नव्हे. ज्याला वेतनावाचून दहा-दहा वर्षे शिकवावे लागले, त्या शिक्षकाने नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना लोकशाहीविषयी काय सांगावे?

या रस्त्याला एक फार मोठी जखम आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी हजारो गोवारी बांधव विधानभवनावर मोर्चा घेऊन आले होते. दिवस मावळला तरी त्यांची भेट घेण्यास कोणी आले नाही. त्यानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण प्राणास मुकले. त्यांत बायका आणि मुलांची संख्या मोठी होती. सीताबर्डीवर त्यांचे स्मारक आहे, तेथील उड्डाणपुलास त्यांचे नाव आहे. त्यांच्या मागणीचा निकाल मात्र सभागृहात लागला नाही. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. मागणी कायद्याच्या कसोटीला उतरली की नाही, हा प्रश्न निराळा. पण कोणी बाहेर येऊन दोन शब्द बोलावे, एवढ्यासाठी माणसे ताटकळत उभी होती, हे विसरता येत नाही. स्मारक बांधणे सोपे असते. वेळेवर बाहेर येऊन भेटणे अवघड असते.

अनुशेषाचे अंकगणित

आता मूळ हिशेबाकडे वळावे. कराराने वाटा देऊ केला. तो मिळाला काय? १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे मोजले. १९८४ मध्ये तिने काढलेला राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा होता, आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटींचा, म्हणजे ३९ टक्क्यांचा होता. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून मराठी राजकारणात रुजला. पुढे १९९४ ची स्थिती धरून नव्याने मोजणी झाली, तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष सुमारे १४ हजार कोटींवर गेला होता. २०१३ साली डॉ. विजय केळकर समितीने आणखी एक अहवाल दिला.

दहा वर्षांत अनुशेष चौपटीहून अधिक कसा झाला? त्यातील काही भाग महागाईचा. रस्त्याचा तोच किलोमीटर बांधावयास अधिक रुपये लागू लागले. काही भाग सरासरीच्या स्वभावाचा. पुढे असलेले जिल्हे थांबून राहत नाहीत. त्यांच्या प्रगतीने राज्याची सरासरी वर सरकते, आणि मागचा जिल्हा चालत असूनही अंतर वाढत जाते. आणि काही भाग उघड दुर्लक्षाचा. या तिन्हींचे प्रमाण वेगवेगळे काढून दाखविणे हे अर्थशास्त्राचे काम आहे. तिन्ही एकत्र कालवून एकतर 'अन्याय' किंवा 'रडगाणे' असे शिक्के मारणे हे राजकारणाचे काम झाले आहे.

गोसीखुर्दचे उदाहरण पुरेसे आहे. वैनगंगेवरील या प्रकल्पाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचे उद्दिष्ट होते. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. सुधारित अंदाज पुढे १८ हजार कोटींवर गेला. साडेतीन दशके लोटली तरी कालव्यांची आणि पुनर्वसनाची कामे चालूच राहिली. धरणासाठी ज्यांनी घरेदारे सोडली त्यांची नातवंडे आता महाविद्यालयात आहेत. अशा प्रकल्पावर झालेला खर्च जमाखर्चाच्या वहीत विदर्भाच्या नावे जमा दिसतो. शेतात पाणी पोहोचले की नाही, ही नोंद त्या वहीत नसते. निधी मिळणे आणि विकास होणे यांत केवढे अंतर असू शकते, हे यावरून कळावे.

कापसाचीही तीच कथा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी याच नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापसाच्या शेताजवळ गिरणी असावी या साध्या व्यवहारी विचाराने. १९८६ मध्ये ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. जेथे कापसाचे सूत होत असे तेथे आता परप्रांतातून शिवून आलेला कपडा विकत मिळतो. २००६ साली यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्राला ३,७५० कोटींचे साहाय्य जाहीर करावे लागले. पीक येथले, प्रक्रिया दुसरीकडची आणि कर्ज पुन्हा येथले, ही रचना बदलल्यावाचून कोणतेही साहाय्य पुरे पडणार नाही.

दोष केवळ मुंबईचा नव्हे

येथवर वाचून विदर्भातील वाचकाला समाधान वाटले असेल, तर त्याने थोडे थांबावे. विदर्भाला सत्ता मिळाली नाही, ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही. मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस हे चार मुख्यमंत्री विदर्भाचे. त्यांपैकी वसंतरावांनी १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ धुरा वाहिली. मुख्यमंत्री आपला असूनही अनुशेष राहतो, याचा अर्थ प्रश्न व्यक्तीचा नसून पद्धतीचा आहे. मागणी सतत लावून धरणाऱ्या संस्था, सहकाराचे जाळे आणि आकड्यांनिशी भांडणारे सदस्य ज्या विभागापाशी आहेत, तिकडे निधी वळतो. विदर्भाने भावना पुष्कळ उधळली. अभ्यास तितकासा केला नाही.

दुसरीही एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. गेल्या काही वर्षांत नागपुरात मेट्रो धावू लागली, एम्स आले, भारतीय व्यवस्थापन संस्था आली, मिहान उभे राहिले, समृद्धी महामार्गाने मुंबई जवळ आणली. याचा आनंदच आहे. परंतु नागपूर म्हणजे विदर्भ नव्हे. १९८२ साली जन्मलेल्या गडचिरोली जिल्ह्याला नागपूर तितकेच दूर आहे जितकी नागपूरला एके काळी मुंबई होती. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या केंद्रांतील वीज राज्याला उजळते, राख मात्र भोवतालच्या गावांवर पडते. मुंबईने नागपूरशी जो व्यवहार केला म्हणून नागपूर साठ-सत्तर वर्षे तक्रार करीत आले, तोच व्यवहार नागपूर आपल्या शेजाऱ्यांशी करू लागले, तर त्या तक्रारीतील नैतिक बळ संपेल.

तर मग करावे काय?

अधिवेशनावर होणारा खर्च पाहून काही मंडळी म्हणतात की, हा उपचार बंदच करावा. हा उपाय म्हणजे औषध नीट घेतले जात नाही म्हणून ते फेकून देण्यासारखे आहे. स्वतंत्र राज्याचे पुरस्कर्ते म्हणतात की, करारच मोडीत निघाला आहे. ती मागणी जुनी आणि विचारार्ह आहे. पण राज्य लहान झाल्याने हिशेब आपोआप होऊ लागत नाही. हिशेब मागण्याची सवय आधी लागावी लागते; ती लागली तर मोठ्या राज्यातही न्याय मिळतो, न लागली तर लहान राज्यातही मिळत नाही.

ती सवय लावण्याची सोय राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद ३७१ (२) अन्वये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापता येतात, निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविता येते, आणि मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा लागतो. तरतूद १९५६ ची. मंडळे आली १९९४ मध्ये. अडतीस वर्षांनी आलेली ही मंडळे मुदतवाढीवर जगत राहिली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मंडळ नसले की अहवाल नाही, अहवाल नसला की चर्चा नाही, आणि चर्चा नसली की अनुशेषाविषयी ज्याने त्याने आपल्या सोयीचे आकडे सांगावेत! मंडळांनी फार मोठे चमत्कार केले असे कोणी म्हणणार नाही. पण मोजणारा हातच नाहीसा झाला, ही हानी लहान नव्हे.

म्हणून मागण्या मोजक्या आणि साध्या असाव्यात. नागपूर अधिवेशनाचा किमान कालावधी आठवड्यांत ठरावा, दिवसांत नव्हे. त्यातील पहिला आठवडा जिल्हावार खर्च, पूर्ण झालेली कामे आणि शासकीय कार्यालयांतील रिक्त पदे यांच्या चर्चेसाठी राखून ठेवावा. मागल्या वर्षी नागपुरात दिलेल्या आश्वासनांचे काय झाले, याचे निवेदन प्रत्येक मंत्र्याने कामकाजाच्या आरंभी करावे. विधिमंडळाची आश्वासन समिती त्यासाठीच असते. आणि अधिवेशनाच्या काळात सचिवांनी एक दिवसाआड मुंबई न गाठता येथेच बसून निर्णय द्यावेत. यांतील कशासाठीही घटनादुरुस्ती लागत नाही.

विधिमंडळ मनावर घेईल तर काय करू शकते, याचा दाखला याच राज्यात आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला, आणि आजही शिक्षकाच्या व कारकुनाच्या वेतनचिठ्ठीत दरमहा दोनशे रुपयांची ती कपात दिसते. नोकरी असलेल्याने नोकरी नसलेल्याचा भार थोडा उचलावा, हे तत्त्व सभागृहाने चर्चा करून स्वीकारले. २००५ मध्ये देशानेही ते उचलले. ही कपात सोसणाऱ्या वर्गाला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. विदर्भातील प्रत्येक महाविद्यालयात अर्थशास्त्राचा विभाग आहे, ग्रंथालय आहे, विद्यार्थी आहेत. राज्याचा अर्थसंकल्प आता कोणालाही वाचता येतो. आपापल्या जिल्ह्याच्या वाट्याला काय आले, त्यातले किती खर्च झाले आणि त्यातून प्रत्यक्ष काय उभे राहिले, एवढा तक्ता जरी या विद्यार्थ्यांनी दरवर्षी नोव्हेंबरअखेर तयार करून आपल्या आमदाराच्या हाती दिला, तरी पुढील अधिवेशनात त्याला पायऱ्यांवर उभे राहण्यापेक्षा आत जाऊन बोलणे भाग पडेल.